गोळी चालू असतानाचा गट : बंदरावर वर्षभर तो कसा चालला

ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, सोडून ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीवर आलेल्या माणसाला पहिले काही महिने एकच प्रश्न ऐकावा लागतो : "गोळीच खायची, तर मग सुटलं काय?" बायको विचारते, सासरा विचारतो, बोटीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, विचारतो. ओपीडीत डॉक्टरांना एका पेशंटमागे जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्यात डोस, झोप, लघवीची तपासणी आणि पुढची तारीख उरकते आणि प्रश्न तसाच घरी परत जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर गोळी चालू असलेल्या लोकांनीच एकमेकांसाठी गट सुरू केला, त्याला आता वर्ष होत आलं. तो उभा करताना काय करावं लागलं, कुठे अडलं, पैसे कशावर गेले, ते क्रमाने लिहितो आहोत. देवगड, हर्णै किंवा अलिबागला कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर त्याच त्या खिडक्यांवर पुन्हा ताटकळावं लागू नये. बंदराचं नाव देत नाही. गाव लहान आहे, एवढं कारण पुरे.

आधी औषधाबद्दल थोडं, कारण ते समजल्याशिवाय गटाचं काम कळत नाही. ब्युप्रेनॉर्फिन अफूच्याच कुळातलं औषध, पण अर्ध्या जोराने काम करणारं. मेंदूत हेरॉइन जिथे जाऊन बसतं त्या जागा ते घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, लागत नाही, तलफ उतरते, आणि डोस वाढवत नेला तरी एका हद्दीपलीकडे नशा चढत नाही. शरीरातलं निम्मं औषध जायला साधारण २४ ते ४२ तास लागतात, म्हणून दिवसातून एकदा पुरतं. बऱ्याच गोळ्यांत सोबत नॅलोक्सोन हे अफूचा असर उतरवणारं औषधही असतं, २ मिग्रॅला अर्धा मिग्रॅ. जिभेखाली त्याचा परिणाम नसल्यासारखाच. कुणी गोळी विरघळवून शिरेत टोचली, तर मात्र ते टर्की आणतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून आहे.

उपचार चालू असेपर्यंत मरणाचा धोका बराच खाली राहतो. उपचार सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत वाईट, कारण शरीराची सवय उतरलेली असते आणि माणूस जुन्या हिशेबाने पुडी ओढतो. म्हणून गटाचं काम आम्ही एकच मानलं : गोळी मध्येच सुटू द्यायची नाही. इच्छाशक्तीवर भाषणं द्यायला गावात माणसं पुष्कळ आहेत.

वेगळा गट कशाला, हे मात्र सगळेच विचारतात. नार्कोटिक्स ॲनॉनिमस या व्यसनींच्या परस्पर-मदत संघटनेच्या सभांना कुणालाही दार बंद नसतं, पण त्यांचा कार्यक्रम संपूर्ण वर्ज्यतेचा आहे. बदली औषध घेणारा माणूस त्यांच्या हिशेबात 'क्लीन' धरला जात नाही, आणि काही ठिकाणी त्याला बसू देतात, बोलू देत नाहीत. त्या वाटेने अनेकांचं भलं झालं आहे. पण खिशातली गोळी लपवून सभेत बसणारा माणूस महिन्याभरात दोहोंपैकी एक सोडतो, आणि बहुधा गोळीच सोडतो.

परवानगीचा अर्ज एप्रिल २०२४ मध्ये दिला. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून लागलेली, आमच्याकडे मतदान ७ मे रोजी, निम्म्या कार्यालयाला निवडणुकीची ड्युटी. ६ जूनला आचारसंहिता उठेपर्यंत फाइल हलली नाही. अर्ज जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावाने, प्रत मानसोपचार ओपीडीच्या डॉक्टरांना. दोन प्रती घेऊन जा, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे प्रत्येक वेळी "अर्ज कधी दिलात?" याला उत्तर म्हणून तोच कागद चालतो.

विषयाच्या ओळीत काय लिहिता यावर पुष्कळ अवलंबून आहे. 'व्यसनमुक्ती केंद्र' हे शब्द दिसले की खाटा किती, डॉक्टर कोण, नोंदणी कुठली, अशी प्रश्नावली सुरू होते. आम्ही लिहिलं : 'ओपीडीतील रुग्णांचा परस्पर आधार गट, साप्ताहिक बैठक.' खाली तीन ओळी वेगळ्या काढल्या : मुक्काम नाही, औषधवाटप नाही, शुल्क नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागते ती जिथे रुग्णाला दाखल करून ठेवतात अशा जागेला. आठवड्यातून एकदा चहा पिऊन घरी जाणाऱ्यांना नाही. संस्था रजिस्टर करा, असा सल्लाही मिळाला. किमान सात सभासद, घटना, ठराव, मग दरवर्षी हिशेबतपासणी, आणि सभासद म्हणून सात जणांची नावं कायमची सरकारदप्तरी. आम्ही नकार दिला आणि तो निर्णय योग्यच वाटतो.

एका कार्यालयाने येणाऱ्यांची आधार क्रमांकासह यादी मागितली. तीही दिली नाही. त्याच कायद्याच्या २३व्या कलमाने मानसिक आजाराच्या रुग्णाला आपल्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क आहे, आणि व्यसनाशी निगडित आजार त्या व्याख्येत येतात. तोंडी वाद न घालता हे कलम अर्जातच लिहून द्यावं. आम्ही दर महिन्याला आकडा देऊ म्हटलं, नावं नाहीत. महिनाभर उत्तर नव्हतं, मग तेच मान्य झालं.

पोलिसांची भीती सगळ्यांनाच होती. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याचं ६४-अ कलम आम्ही मराठीत टाइप करून ठेवलं आहे : सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार पुरे केले नाहीत तर ते काढून घेता येतं. हेरॉइनचं अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. विकणाऱ्याला यातलं काही लागू नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगायचं, नाहीतर भलतीच माणसं सावलीला येऊन बसतात.

जागा शोधण्यात जून गेला. ग्रामपंचायतीचा हॉल फुकट मिळत होता, पण समोर रिक्षास्टँड. शाळेत शिक्षक ओळखीचे. शेवटी मच्छीमार सोसायटीच्या वखारीवरची खोली मिळाली, बैठकीला २०० रुपये, विजेसकट. खाली जाळी, दोर, डिझेलची पिंपं. त्या जिन्यावर कुणी चढलं तरी कामाला चालला असं वाटतं. वार शुक्रवार. आमच्याकडे जुम्याला बोटी बाहेर जात नाहीत, नमाज आटोपून तीनला माणूस मोकळा असतो. तुमच्या बंदराचा सुट्टीचा वार वेगळा असेल, तो धरा. रविवार तुम्हाला सोयीचा वाटतो म्हणून ठेवू नका.

पहिली बैठक ५ जुलैला झाली. दिवस निवडून ठेवलेले होते : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशी किनाऱ्यावर, हाताला काम नाही, पुडीला पैसेही नाहीत. गोळी सुरू करायला वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच, कारण पहिले काही दिवस रोज गोळी देणाऱ्या केंद्रात जावं लागतं.

माणसं जमवायला पोस्टर लावलं नाही. डोसच्या रांगेतच बोलायचं. कुठल्या खिडकीला जायचं हे मात्र आधी नीट विचारून घ्या. नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या केंद्रांतली ओएसटी, म्हणजे बदली औषधाचा उपचार, ही सुईने घेणाऱ्यांसाठी आहे. पन्नीवर (चांदीच्या कागदावर) ओढणाऱ्याला किंवा ट्रामाडोल या वेदनाशामकाच्या कॅप्सूल खाणाऱ्याला सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा लागतो. किनाऱ्यावर पन्नीवालेच जास्त, आणि "तुमचं इथे होत नाही" एवढं ऐकून परत गेलेला माणूस पुन्हा लवकर येत नाही. गोळी साध्या मेडिकलात मिळत नाही, तेव्हा चुकीच्या खिडकीवरून परत फिरला की तो थेट पुडीकडेच जातो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार निःशुल्क आहेत. खर्च होतो तो एसटीचा आणि बुडालेल्या रोजाचा. सोबत आई किंवा बायको आली तर तिला एसटीत अर्धं तिकीट.

पहिल्या गोळीच्या आदल्या दिवशी गटातला एक जण नव्या माणसाला भेटतो. सांगायची गोष्ट एकच, पण ती न ऐकल्यामुळे सगळ्यात जास्त माणसं पळतात : टर्की नीट लागल्याशिवाय पहिली गोळी घ्यायची नाही. शेवटच्या पुडीनंतर किमान १२ तास, कुणाला २४ लागतात. मेथाडोन या दुसऱ्या बदली औषधावरून येणाऱ्याला त्याहून जास्त. जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या, पोटात पिळवटणं, हे दिसलं पाहिजे. डॉक्टर लक्षणांचे गुण मोजूनच गोळी देतात, पण माणूस वेळ खोटी सांगतो. सकाळी गुपचूप एक झुरका मारलेला असतो आणि तोंडाने "काल रात्रीपासून काही नाही." मग गोळी हेरॉइनला एकदम हुसकावून लावते आणि तास-दीड तासाच्या आत भयंकर टर्की उसळते. उलट्या, जुलाब, घाम. तो माणूस बाहेर जाऊन सांगतो की गोळीत विष आहे, आणि बंदरावर ती बातमी भरतीच्या आधी पोहोचते. असं झालंच तर त्याला एकटं सोडायचं नाही, केंद्रात परत न्यायचं, पाणी आणि ओआरएस पाजायचं. स्वतःजवळची गोळी काढून द्यायची नाही, हे गटातल्या प्रत्येकाकडून वदवून घेतलेलं आहे.

गोळी ठेवण्याची रीतही दाखवावी लागते. आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करायचं, कोरड्या तोंडात ती विरघळत नाही. केंद्रात बहुधा कुटूनच देतात. जीभ उचलून पूड मागे सरकवायची, मान किंचित खाली, तोंड बंद, पाच ते दहा मिनिटं बोलणं नाही, चहा नाही, लाळ गिळणं नाही. गिळली तर औषध वाया, कारण पोटातून ते फारच थोडं चढतं. "मला ६ मिग्रॅ पुरत नाही" म्हणणाऱ्याला आधी गोळी ठेवताना बघा. अनेकदा तो मधल्या मध्ये दोनदा गिळत असतो. पूर्ण विरघळल्यावर पाण्याने हलकेच खळखळून चूळ भरायची, दात घासायला मात्र तासभर थांबायचं. दात किडण्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये हाच इशारा दिला होता. इथे तो कुणी सांगत नाही.

बैठकीचा साचा दोन-तीन शुक्रवारांत बसला. आधी चहा. मग प्रत्येकाला तीनच प्रश्न : गोळी चुकली का, चुकली तर का, पुढच्या आठवड्यात कुठे अडेल? ओढण्याच्या जुन्या गोष्टी रंगवायच्या नाहीत, ऐकणाऱ्याची तलफ जागी होते. डोस किती, याची तुलना नाही. ८ वाला १२ वाल्यापेक्षा शहाणा ठरत नाही. नशेत आलेला माणूस बसू शकतो, बोलू शकत नाही. मध्ये पुडी घेतली असं कुणी सांगितलं तर त्याला बाहेर काढत नाही, शून्यापासून मोजतही नाही. त्याची गोळी चालू आहे ना, एवढं बघतो आणि डॉक्टरांना खरं सांग म्हणतो.

व्हॉट्सॲप ग्रुप केला नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि घरातली मुलं फोन उघडतात. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतो. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो, उत्तर एकट्याला येतं. निरोपाची भाषाही ठरलेली : 'शुक्रवारी जाळ्याचं काम, तीन वाजता.' गोळीचा फोटो नाही, आणि "कुणाकडे जास्तीची आहे का?" असा निरोप आला की त्याच संध्याकाळी त्या माणसाला भेटायचं. मागणारा बहुतेक वेळा विकायला मागत नाही, त्याचा डोस हुकलेला असतो. पण एक गोळी हातातून हातात गेली की केंद्र सगळ्यांच्याच घरी न्यायच्या गोळ्या बंद करतं.

१४ जुलैला दिवाणखवटीजवळ दरड आली आणि कोकण रेल्वे ठप्प झाली, तेव्हा मुंबईला गेलेला तिथेच अडकला की त्याच्या गोळीचं काय होतं ते कळलं. तेव्हापासून नियम : जिल्ह्याबाहेर जाताना कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि परतीच्या तारखेपेक्षा दोन दिवस जास्तीची सोय, निदान तिथल्या केंद्राचं नाव तरी.

१ ऑगस्टला बोटी सुटल्या आणि खरं काम सुरू झालं. केंद्राचा नियम रोज समोर गोळी घेण्याचा, आणि ट्रॉलरची फेरी चार-पाच दिवसांची, कधी आठवड्याचीही. कागदावर हे जुळतच नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, नॅकोने काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला मोकळीक दिली होती. त्यामुळे 'असं होऊ शकतं' हे निदान सगळ्यांना ठाऊक आहे. आज किती दिवसांच्या द्यायच्या हे डॉक्टर माणूस बघून ठरवतात. आम्ही डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जात नाही. बोटीचा प्रकार, फेरी किती दिवसांची, परत कधी, किनाऱ्यावर गोळ्या सांभाळणारं घरचं कोण, एवढं एका कागदावर लिहून पेशंटच्या सहीने नेतो. जुलैभर एकही दिवस न चुकवलेल्याला गोळ्या मिळणं सोपं जातं. ज्याची हजेरी अर्धीमुर्धी, त्याने पहिल्या फेऱ्या सोडून किनाऱ्यावरचं काम धरावं : बर्फ, जाळी, लिलाव. मजुरी कमी मिळते, तेवढं घरच्यांना आधी समजावून ठेवावं लागतं.

बोटीवर गोळी कशी ठेवायची यावर एक अख्खा शुक्रवार गेला. पट्टीतून आधी काढून ठेवायची नाही, खाऱ्या हवेत ती दमट होऊन भुसभुशीत होते. पट्टी झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा केबिनमध्ये. बर्फाच्या खणात नाही, पँटच्या खिशात नाही. सोबत चिठ्ठी आणि कार्डाची झेरॉक्स, कारण हे औषध एनडीपीएसखाली येतं आणि तपासणी समुद्रातही होते. ज्याला सवय नाही अशा माणसाला, आणि लहान मुलाला तर नक्कीच, ही एक गोळीही घातक ठरू शकते. डोकं दुखतं म्हणून कुणा पोराने डब्यातली उचलू नये, यासाठी तरी तांडेलाला सांगावं लागतं. तांडेलाला कळवायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. सांगितलेल्यांपैकी बहुतेकांना काम राहिलं, सगळ्यांना नाही.

फेरी लांबली आणि गोळ्या संपल्या तर? एक दिवस चुकला तर औषध लगेच उतरत नाही, अस्वस्थ वाटतं तेवढंच. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या मिळून घ्यायच्या नाहीत. दोन-तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर केंद्रात विचारल्याशिवाय जुना डोस सुरू करायचा नाही. मध्ये पुडी घेतली असेल तर पुन्हा टर्कीची वाट बघण्यापासून सुरुवात. आणि बोटीवर झोपेसाठी फिरणाऱ्या अल्प्राझोलम, नायट्राझेपामच्या गोळ्या किंवा दारू यांच्यासोबत ब्युप्रेनॉर्फिन नको. एकटं ते श्वास सहसा थांबवत नाही, या जोडीत थांबवू शकतं.

ओव्हरडोसची माहिती गोळी न घेणाऱ्या घरच्यांनाही दिली : ओठ निळे, घरघर, टाचणीएवढ्या बाहुल्या, हलवून जाग नाही. १०८ला फोन, तोंडाने श्वास देत राहायचं, स्वतः श्वास घ्यायला लागला की कुशीवर वळवायचं. आमच्याकडे पाखाडीतून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, खाली रस्त्यापर्यंत माणूस उचलून आणावा लागतो, त्यामुळे ॲम्ब्युलन्स येईपर्यंतचा श्वास हाच उपचार. नॅलोक्सोनचं इंजेक्शन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, हे आधी जाऊन विचारून ठेवा. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांचा, म्हणून शुद्धीवर आलेल्याला घरी नेऊ नका.

७ सप्टेंबरला गणपती. चाकरमानी येतात, त्यांतले काही मुंबईत गोळी घेणारे. त्यांनी निघण्याआधी किमान दहा दिवस तिथल्या केंद्रातून पत्र घ्यायला हवं. पत्रात डोस, शेवटची तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का. व्हॉट्सॲपवर आलेल्या चिठ्ठीच्या फोटोवर इथे कुणी गोळी देत नाही, आणि देऊही नये. ओपीडीच्या सुट्ट्यांची यादी आम्ही महिन्याच्या सुरुवातीलाच पाठवतो. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता आली, तेव्हा खोलीचं पत्र आधीच हातात होतं.

दिवाळीच्या सुमारास घरचे घाई करू लागतात. चार-पाच महिने नीट गेले, आता बंद कर. याच काळात माणसं गळतात. गोळी वर्ष-दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त लागते. उतरवायची तर डॉक्टरांच्या सांगण्याने, महिनेच्या महिने, आणि शेवटचे २ मिग्रॅ सगळ्यात अवघड जातात. मधुमेहाची गोळी कधी बंद करणार असं कुणी विचारत नाही. घरच्यांसाठी वेगळी बैठक ठेवली, महिन्यातून एकदा दुपारी, एका सभासदाच्या आईच्या घरी. बायका वखारीचा जिना चढत नाहीत. स्वतः गोळी घेणाऱ्या बायका तिथेही क्वचितच आल्या, त्यांच्याशी फोनवरच बोलणं होतं. गरोदर असलेल्या बाईने घाबरून गोळी एकदम बंद करू नये, त्याने बाळाला धोका वाढतो. लगेच डॉक्टरांना सांगावं, गरोदरपणातही हा उपचार चालू ठेवतात.

किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींनीही गोळी सुटते. बद्धकोष्ठ हे पहिलं कारण : इसबगोल, भरपूर पाणी, भातासोबत पालेभाजी, आणि लाज न बाळगता डॉक्टरांना सांगणं. घाम, डोकेदुखी, कमी झोप बहुतेकांची काही आठवड्यांत सावरते. हाड मोडलं किंवा ऑपरेशन ठरलं तर ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे हे भूल देणाऱ्याला आधी सांगायचं, नाहीतर वेदनेचं औषध लागू पडत नाही आणि गोंधळ होतो. सुईने घेतलेल्यांनी एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी तपासून घ्यावं. हेपॅटायटिस सीचे उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून मोफत आहेत.

मार्च २०२५ मध्ये रमजान आणि शिमगा एकत्र आले. रोज्यात दिवसा गोळी घ्यायला बहुतेक तयार नव्हते. रोजा त्याने तुटतो का, हे ज्याने त्याने आपल्या मौलानांना विचारावं, गटाने त्यावर मत दिलं नाही. औषध दिवसभर टिकतं म्हणून डॉक्टरांनी सकाळची वेळ टप्प्याने इफ्तारनंतर नेली. पण केंद्र संध्याकाळी बंद, म्हणजे पुन्हा घरी न्यायच्या गोळ्यांचा अर्ज. तो रमजानच्या दोन आठवडे आधी टाकला तरच जमतं. शिमग्याचं दुखणं वेगळं, पालखीसोबत घरोघरी ग्लास पुढे येतो. त्यावर उपाय एकच निघाला : दोघादोघांनी फिरायचं.

२०२५ मध्ये पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला. बोटी लवकर किनाऱ्याला लागल्या, हंगामाचा हिशोबही लवकर झाला. एकरकमी पैसे हातात आले की पुडीवाला जेटीवर हजर असतो. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्यांचंही असंच, हिशोब मेअखेरीला. म्हणून आता प्रश्नांत चौथा घातला आहे : पैसे कधी मिळणार, आणि त्या दिवशी सोबत कोण? काहींनी पोस्टात आवर्ती ठेव काढली, काहींनी मालकाला रक्कम खात्यावरच टाकायला सांगितली.

मदतीला बसलेल्या माणसाने डॉक्टर व्हायचं नाही, ही सीमा वर्षभर पाळावी लागली. डोस सांगायचा नाही. डोळे पिवळे, सुईच्या जागी गळू, जीव द्यायची भाषा, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी पुढे पाठवायचं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन नंबर चहाच्या किटलीमागे चिकटवलेले आहेत. एकाच्या अंगावर तीनपेक्षा जास्त नवी माणसं टाकायची नाहीत, आणि प्रत्येकाला महिन्यातून एक शुक्रवार सुट्टी, तेव्हा त्याने फक्त चहा प्यायला यावं.

खोलीचं आणि रुग्णालयाचं पत्र दोन्ही एका वर्षाचं आहे. नूतनीकरणाचा अर्ज मे महिन्यातच दिला, जुन्या आवक क्रमांकाची झेरॉक्स जोडून. या वेळी खिडकीवर नवा माणूस होता, त्याने पुन्हा नावांची यादी मागितली. २३व्या कलमाचा कागद फाइलमध्ये आधीच लावलेला होता. त्याने तो वाचला, वरिष्ठांकडे नेला, आणि अर्ज ठेवून घेतला. पोचपावती मिळाली आहे, पत्र अजून यायचं आहे.